टायीच्या घशातलं हेरिंग

१

मासा कापायचं काम सिग्नेचं आणि बाजूला उभं राहून सूचना करायचं माझं. हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्षातला सगळ्यांत मोठा टायी धुरीला लावण्याआधी साफ करायचा, ही आमच्या कॅसन हेडच्या वल्ही क्लबची जुनी रीत. तीस पौंडांच्या वरच्या सॅमनला आम्ही टायी म्हणतो. या वर्षीचा चव्वेचाळीस पौंडांचा होता. आदल्या संध्याकाळी, हंगामाच्या अगदी शेवटच्या तासात, सेइजी मोरिकावाने तो नदीच्या तोंडाशी धरला होता.

सिग्नेने कल्ल्यामागे सुरी घातली, डोकं वेगळं केलं आणि थांबली. दोन बोटं घशात घालून तिने काहीतरी ओढून काढलं आणि फळीवर ठेवलं. ते हेरिंग होतं, मोठ्या माशांना आमिष म्हणून लावतात तो छोटा चंदेरी मासा. डोकं उडवलेलं, माझ्या मधल्या बोटाएवढं, चकचकीत.

"एम्रिस," ती म्हणाली, "दार लाव."

मी जागचा हललो नाही. आमच्या क्लबचे नियम मोजून चार आहेत. होडी वल्ह्यांची, मोटार नाही. दोरी ठरलेल्या जाडीची. गळ एकच, आणि त्याला उलटा काटा नाही. आणि आमिष म्हणून फक्त लाकडाचा किंवा पत्र्याचा खोटा मासा. खरं हेरिंग लावून टायी कोणीही धरेल, असं आम्ही म्हणतो. ते तितकंसं खरं नाही, पण म्हणतो. जो कोणी खरं आमिष लावेल त्याचं नाव फळ्यावर चढत नाही, आणि त्याच्या होडीला आमच्या धक्क्यावर जन्मात पुन्हा जागा नाही.

आणि हे सेइजीच्या माशात निघालं होतं. सेहेचाळीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांना वल्हवलं. एकसष्ट जणांना त्याने त्यांचा पहिला टायी मिळवून दिला. त्या एकसष्ट जणांची नावं फळ्यावर आहेत, त्याचं नाही, कारण फळ्यावर वल्हेकऱ्याचं नाव लावायची आमच्यात पद्धत नाही. या वर्षी पहिल्यांदा त्याने हात दुखतात म्हणून वल्ही मुलीकडे दिली आणि स्वतः गळाची काठी धरून मागे बसला. काल मासा वजनाला टांगला तेव्हा घंटा मीच वाजवली होती. मी इथला वजनदार, म्हणजे वजनाचं काम बघणारा. अंगाने मी वाळका आहे.

"दार लाव म्हटलं ना," सिग्ने पुन्हा म्हणाली.

मी वळलो, तर दारात लॉयड बॅनिस्टर उभे होते. त्यांचा बेचाळीस पौंडांचा टायी काल संध्याकाळपर्यंत पहिला होता. त्यांची नजर माझ्यावरून फळीवर गेली आणि तिथेच राहिली.

"हा मासा बाद होतो ना?" त्यांनी विचारलं.

२

दहा वाजेपर्यंत गावभर झालं. अध्यक्षबाईंनी चार वाजता बैठक बोलावली आणि तोवर काय ते शोधून काढ म्हणून सिग्नेला सांगितलं. दुसरं कोणाला सांगणार? सिग्ने ब्रेक्के पस्तीस वर्षं धक्क्यावर गळाचं दुकान चालवते. कुठल्या पाण्यात कुठला गळ, किती शिसं, किती लांब दोरी, हे विचारायला लोक तिच्याकडे येतात आणि चार टोमणे खाऊन, हवं ते घेऊन जातात. मी शाळेत तीस वर्षं मास्तर होतो, पण तिच्यासमोर मलाही गृहपाठ न केल्यासारखं वाटतं.

तिने तो तुकडा दुकानात आणला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"तीन गोष्टी होऊ शकतात," मी म्हणालो, "एक म्हणजे सेइजीने..."

"ती एक शेवटी ठेव."

दुसरी गोष्ट अशी, की रात्रीतून कोणीतरी तो तुकडा माशाच्या घशात कोंबला. मासा वजनाच्या खोलीत बर्फावर होता, खोलीला कुलूप होतं, आणि किल्ली बाहेरच्या खिळ्यावर होती, जी तिथे असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिसरी, की बाहेर समुद्रात मोटारबोटी हेरिंग लावून फिरतात, त्यांतल्या कोणाचं आमिष माशाने पळवलं आणि मग तो आमच्या पाण्यात येऊन सेइजीच्या लाकडी माशाला लागला. मला तिसरी फार आवडली. त्यात कोणीच वाईट नव्हतं.

सिग्नेने मला जवळ बोलावलं. हेरिंगच्या कापलेल्या कडेचे धागे सुटून पांढरे पडले होते आणि पाठीवरचे खवले घासले गेले होते. पाण्यातून अर्धा तास तरी ओढल्याशिवाय असं होत नाही, ती म्हणाली. बरणीतून काढून घशात कोंबलेला तुकडा करकरीत असतो. म्हणजे रात्रीतून कोंबल्याची गोष्ट गेली.

"मग मोटारबोट," मी घाईने म्हणालो.

"मोटारबोटवाले हेरिंगला किती गळ लावतात?"

"दोन. एक पुढे, एक मागे लोंबता."

"भोकं मोज."

मी चष्मा पुसून मोजलं. गळ एका जागी आत गेला होता आणि एका जागी बाहेर आला होता. दुसऱ्या गळाची खूण कुठेच नव्हती. मोटारबोटीवरचा कोणी शहाणा माणूस हेरिंगला एकच गळ लावणार नाही. एकच गळ लावतो तो आमच्या क्लबचा माणूस.

अजून दोन गोष्टी तिने दाखवल्या. गळ हलू नये म्हणून कापाच्या कडेशी शिवणाच्या दोऱ्याचा एक टाका घातला होता, इतका बारीक की मला तो आधी दिसलाच नव्हता. आणि ते हेरिंग तिच्या दुकानातलं नव्हतं. सिग्ने मिठाच्या पाण्यात कपड्यांची नीळ घालते, म्हणून तिची हेरिंगं निळसर चमकतात. हे नुसत्या जाड मिठात मुरवलेलं होतं, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात.

"काल शेवटच्या तासाला धुकं होतं," ती म्हणाली. "क्लबच्या किती होड्या पाण्यात होत्या?"

नोंद माझ्याच हातची होती. दोनच होड्या होत्या. एक सेइजीची आणि दुसरी बॅनिस्टरांची.

आणि मला आठवलं की बॅनिस्टरांनी काल धक्क्यावर येऊन सगळ्यांना ऐकवलं होतं, सहाच्या सुमारास त्यांच्या गळाला मोठा मासा लागून सुटला म्हणून.

३

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बॅनिस्टर व्हँकुव्हरचे निवृत्त दंतवैद्य. दर वर्षी सहा आठवडे येतात आणि सहाही आठवडे आम्हाला आमचंच पाणी समजावून सांगतात. मी मनात सगळं जुळवून टाकलं. त्यांनी चोरून हेरिंग लावलं, माशाने ते पळवलं, आणि तोंडात तो चोरीचा माल घेऊनच मासा सेइजीच्या लाकडी माशावर झडप घालायला गेला. लोकांच्या दातांत आयुष्यभर कोरीवकाम केलेल्या माणसाला एक बारीक टाका काय कठीण?

ते त्यांच्या भाड्याच्या बंगलीच्या पायरीवर कॉफी पीत बसले होते. सिग्नेने सरळ विचारलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं आणि ते रागावलेही, पण तिच्यावर नाही, माझ्यावर.

"हा तुमचा चेहरा, मास्तर," ते म्हणाले, "निकाल लिहून घेऊनच आलाय. धरा हे."

त्यांनी कप माझ्याकडे दिला आणि दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते. थंडीने थरथरतात तसे नव्हे, आतून कोणी हलवल्यासारखे. सहा वर्षं झाली म्हणाले. दवाखाना त्यापायीच बंद केला. सिग्नेने हातांकडे बघितलंही नाही, आणि मला कळलं की तिला हे ठाऊक होतं. त्यांचे सगळे गळ तीच बांधून देते. वल्ही मुठीत घट्ट धरली की हात शांत राहतात, म्हणून ते एकटेच होडीत जातात, काठी खोबणीत खोचून. हे बोलताना त्यांची मान खाली होती. मी कप परत दिला तेव्हा तो त्यांना दोन्ही हातांनी घ्यावा लागला.

"माझ्यावर संशय घेताय ते ठीक," ते म्हणाले. "पण सेइजीला ज्या लाकडी माशावर टायी मिळाला, तो तुम्ही वजनाच्या वेळी तपासलात ना?"

"तपासला," मी म्हणालो.

सिग्ने माझ्याकडे बघत राहिली. शाळेत मुलं खोटं बोलली की मी असाच बघायचो.

आम्ही वजनाच्या खोलीत गेलो. ज्या खोट्या माशावर टायी आला, तो चिठ्ठी बांधून खिळ्याला टांगून ठेवायचा, अशी रीत आहे. मी तो काल फुमीच्या, म्हणजे सेइजीच्या मुलीच्या हातातून घेतला होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं : लाकडी, पाच इंची, हिरवा. सिग्नेने तो खिळ्यावरून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

रंग तुळतुळीत होता. टायीच्या जबड्यात दात असतात, आणि पाऊण तास झटापट झाली की लाकडी माशाच्या रंगावर ओरखडे उठतातच. खिळ्यांवर टांगलेल्या बाकीच्या प्रत्येकावर ते होते. यावर एकही नव्हता. हा लाकडी मासा कुठल्याही टायीच्या तोंडात गेला नव्हता.

तपासणं माझं काम होतं. काल सेइजी वजनकाट्याशी उभा होता, सगळे टाळ्या वाजवत होते, माझे डोळे भरून आले होते, आणि मी न बघता लिहिलं.

"म्हणजे हेरिंग सेइजीच्याच होडीत होतं," मी म्हणालो.

४

सेइजी होडी ठेवायच्या छपरात वल्ह्याला रंधा मारत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण रंध्याखालून निघणारी साल अजून अखंड निघते. आम्ही आत गेलो तसा त्याने रंधा बाजूला ठेवला आणि बोटं पँटला पुसली.

"मी लावलं हेरिंग," तो म्हणाला. "चार वाजता येऊन सांगतो. तुम्ही उगाच उन्हात हिंडू नका."

एवढं सोपं. मला त्याचा रागही येईना. सेहेचाळीस वर्षं दुसऱ्याच्या गळाला मासे लागताना बघितल्यावर एका तासापुरता पाय घसरला, तर मी तरी कोण मोठा लागून गेलो? मी तसं काहीतरी बोलायलाही लागलो होतो. सिग्नेने मला हाताने थांबवलं.

"कापलंस कसं?" तिने विचारलं.

"कापतात तसं. लांब तिरकं. म्हणजे सावकाश लोळत येतं."

माशाच्या घशातल्या हेरिंगचा काप आखूड आणि उभट होता. मी पाहिला होता. सिग्नेने नुसती मान डोलावली. तिने ॲप्रनच्या खिशातून दोन लाकडी मासे काढले आणि त्याच्या हातात दिले. दोन्ही एकाच साच्याचे, एक हिरवा, एक लालभडक.

"मास्तरांना दाखवायला यातला कुठला दिला होता, तेवढं सांग. चिठ्ठीचा घोळ झालाय."

सेइजीने दोन्हींवरून अंगठा फिरवला. पोटावरून, शेपटीवरून, डोळ्याच्या खाचेवरून. छपरात भरपूर उजेड होता. त्याने एक पुढे केला.

"हा. हिरवा."

पुढे केलेला मासा लाल होता.

मी तोंड उघडलं आणि सिग्नेने माझ्या पायावर पाय दिला. पण सेइजी इतकी वर्षं माणसांसमोर बसून वल्हवत आला आहे, माणसाच्या गप्प बसण्यातलं त्याला कळतं. तो ओंडक्यावर बसला.

"चुकलो का?"

"कधीपासून?" सिग्नेने विचारलं.

दीड वर्षापासून, तो म्हणाला. मधोमध काही दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं, आणि रंग गेले. म्हणून तर वल्ही सोडली. हात चांगले आहेत. होडीत परकं माणूस बसवायचं आणि समोरची दुसरी होडी दिसायची नाही, हे त्याला करवेना. डॉक्टरांकडे फुमी घेऊन गेली होती, म्हणून तिला ठाऊक. बाकी कोणाला नाही.

"तुला तो टाका घालता येणार नाही, सेइजी. तुला तो दिसणारही नाही," सिग्ने म्हणाली. "तुझ्या होडीत तुम्ही दोघंच होता."

त्याने दोन्ही लाकडी मासे शेजारी ठेवले. मग म्हणाला की चारची बैठक होईपर्यंत तरी हे असंच राहू दे. काठी ज्याच्या हातात, दोष त्याचा, असं आपल्या नियमात लिहिलंय. मग तिचं नाव कशाला? ती तीस वर्षांनी आली आहे, उद्या कॅमलूप्सला परत जाईल, आणि पुन्हा यायचं की नाही हे ती आजच्यावरून ठरवेल.

"तुला कळलं कधी?"

"वल्ह्यांच्या दहा फटक्यांत," तो म्हणाला. "लाकडी मासा काठीच्या टोकाला ठोके देतो. हेरिंग लोळतं. मला कळणार नाही असं वाटलं तिला. विशीतच गेली ना इथून."

"मग दोरी गुंडाळली का नाहीस?" हे मी विचारलं, आणि जरा चढ्या आवाजात.

सेइजी हसला. "मास्तर, ती श्वास रोखून वल्हवत होती. मला ऐकू येत होतं. म्हटलं, शेवटचा तास आहे, धुकं आहे, मासा काही लागत नाही. आपल्याला कळलंय हे तिला कळायला नको. आणि मग तो लागला." तो थांबला. "मग मी सगळं विसरलो, मास्तर. हेही खरं आहे. मला तो मासा हवा होता. धक्क्यावर आलो, मासा टांगला, तर तू घंटा वाजवत होतास, आणि माझं तोंड उघडेना."

५

फुमी मोटारीत सामान भरत होती. पन्नाशीची, कॅमलूप्सच्या एका इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स आहे. सिग्नेने तुकडा रुमालात गुंडाळून आणला होता. तो तिने मोटारीच्या बॉनेटवर उलगडला. फुमीने त्या टाक्याकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

तिने आढेवेढे घेतले नाहीत. पंधरा दिवस बाबा रोज काठी धरून बसत होते, म्हणाली, आणि एकदाही दोरी ताठली नाही. पुढच्या वर्षी काठीचं टोकही दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आहेत. म्हणून तिने शेजारच्या गावातून हेरिंग आणलं, कारण सिग्नेने लगेच ओळखलं असतं. ते पातेल्यात मुरवलं आणि शेवटच्या फेरीला बाबांच्या लाकडी माशाच्या जागी लावलं. तिला वाटलं होतं, मासा लागेल आणि हेरिंग पाण्यात सुटून जाईल.

"एक विचारू?" सिग्ने म्हणाली. "नियम मोडायचाच होता, तर गळ दोन लावायचे. हेरिंग एका गळावर धड टिकत नाही. एकच का लावलास?"

"दोन कसे लावणार?" फुमी म्हणाली. "एकच गळ असा नियम आहे ना?"

तिचं बोलणं तिच्याच कानांवर पडलं, आणि ती मोटारीला टेकली. मी दुसरीकडे बघितलं. मला हसू येत होतं. हे दुसऱ्या कुठल्या गावातल्या माणसाच्या हातून झालं नसतं. जी मुलगी दहाव्या वर्षी या धक्क्यावर नियम पाठ म्हणून दाखवायची, तिला चोरी करतानासुद्धा एकाच नियमाची चोरी करता आली.

"बाबांना काही माहीत नाही," ती म्हणाली. "तेवढं सांभाळा. मी आत्ता जाऊन सगळं सांगते, पण त्यांना असं वाटू दे की तो मासा त्यांनी..."

"फुमी," सिग्नेने तिला मध्येच थांबवलं. "त्यांना दहा वल्ह्यांत कळलं होतं. आणि सकाळपासून ते सांगतायत की हेरिंग त्यांनी लावलं."

फुमी मोटारीच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हात तोंडावर धरून रडली. सिग्ने तिच्या शेजारी बसली. मी घड्याळ बघितलं. साडेतीन झाले होते, आणि काठी ज्याच्या हातात दोष त्याचा, हा नियम अजून तसाच होता. फुमी खरं बोलली तरी धक्का सेइजीचाच सुटणार होता.

६

बैठकीला सगळं गाव लोटलं. सेइजी उभा राहिला आणि म्हणाला की हेरिंग त्याने लावलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत फुमी उठली आणि म्हणाली की ते खोटं आहे, आणि का खोटं आहे तेही तिने सांगितलं, बाबांच्या डोळ्यांसकट. या खोलीतल्या निम्म्या लोकांना त्या माणसाने धुक्यातून घरी आणलं होतं.

अध्यक्षबाई बऱ्या आहेत, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. त्यांनी वही उघडली, चष्मा चढवला, आणि डोळ्यांना पाणी आलेलं असताना वाचलं : काठी धरणारा जबाबदार. मासा बाद. होडीला धक्क्यावर जागा नाही. कोणाचं काही म्हणणं आहे का?

माझं होतं. मी उठलो. मी म्हणालो की त्याच वहीत मागच्या पानावर असंही लिहिलं आहे, की ज्या माशाचं आमिष वजन करणाऱ्याने स्वतः तपासलं नाही, त्याचं वजन झालंच नाही असं धरावं. मी काल आमिष तपासलं नाही. हातात घेतलं आणि न बघता लिहिलं, आणि सकाळी बॅनिस्टरसाहेबांपुढे तपासलं म्हणून खोटंही बोललो. तेव्हा कालच्या नोंदवहीत सेइजी मोरिकावाचा मासाच नाही. जो मासा क्लबपुढे आलाच नाही, त्याच्यासाठी क्लब कोणाला धक्क्यावरून काढणार? काढायचं तर ज्याने काम केलं नाही त्याला काढा.

अध्यक्षबाईंनी मागचं पान उलटलं आणि दोनदा वाचलं. "एम्रिस, हे मान्य केलं तर वजनाचं काम तुझ्याकडे राहत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही राहत," मी म्हणालो. बावीस वर्षं ते काम माझं होतं. मला वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं, पण पश्चात्ताप झाला असं कोणी म्हणू नये.

बॅनिस्टर उठले. आता पहिला मासा त्यांचा होता. ते म्हणाले की मास्तरांनी त्यांची सर्वांसमोर माफी मागावी, सकाळच्या चेहऱ्याबद्दल. मी मागितली. मग ते म्हणाले की मास्तरांचं म्हणणं त्यांना मान्य आहे, आणि खाली बसले. त्यानंतर कोणी विरोध केला नाही. सेइजीचं नाव फळ्यावर चढलं नाही आणि त्याची होडी धक्क्यावर राहिली.

लोक पांगले तेव्हा सहा वाजले असतील. सिग्ने आणि मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. ती मला वजनाचं काम गेल्याबद्दल टोमणे मारत होती; तिची सांत्वनाची रीत तीच आहे. तेवढ्यात सेइजी होडी पाण्यात लोटताना दिसला. फुमी सवयीने वल्ह्यांच्या आडव्या फळीवर बसायला गेली.

"थांब," तो म्हणाला. "मागे बस. ती माझी जागा."

"बाबा, तुम्हाला दिसत नाही."

"वल्हवणारा कधी बघतो का पुढे? सेहेचाळीस वर्षं पाठ पुढे करूनच बसलोय. बघायचं काम मागे बसणाऱ्याचं. तू बघ आणि मला सांग."

ती काठावर तशीच उभी राहिली. मग आत चढली आणि मागच्या बाकावर बसली. हंगाम संपला होता. होडीत काठी नव्हती, गळ नव्हता, काही नव्हतं. त्याने वल्ही टाकली आणि होडी सरळ निघाली. हात खरंच चांगले होते त्याचे. धक्क्याच्या टोकाशी बॅनिस्टरांची होडी नांगरलेली होती, आणि सेइजी नीट तिच्याच दिशेने चालला होता. मी ओरडायला उठलो. सिग्नेने माझी बाही धरली.

"डावीकडे घ्या, बाबा," फुमी म्हणाली.

त्याने डावीकडे घेतली.